कुडकुडणारी रेष

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज मुलांना पुठ्ठ्याची कड दाखवली. मुलगा, संघर्ष, त्याच्या कंपनीतून पॅकिंगचे टाकाऊ खोके आणतो, त्यातलाच एक तुकडा. वरून पाहिला तर नुसता तपकिरी पुठ्ठा. पण कड डोळ्यांसमोर धरली की वर एक सरळ रेष, खाली एक सरळ रेष आणि दोघींच्या मधे नागमोडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "माझ्यात पण आहे, माझ्यात पण!" असा गलका झाला. विहाराच्या मागच्या खोलीत आवाज फार घुमतो.

मग विचारलं, रेष तुम्ही कुठे कुठे पाहिली आहे? कुणी खिडकीच्या गजांचं नाव घेतलं, कुणी आईच्या साडीच्या काठाचं. बंटी उठून उभाच राहिला. "पप्पांच्या कंपनीत खाली पिवळी रेष हाय. तिच्या आतनंच चालायचं. बाहेर पाय पडला की साहेब बोंबलतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुरुळीत घरटी एक माणूस कंपनीत आहे, त्यामुळे पिवळी रेष पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

शेवटी सिस्टर अगाथांची रीत. पेन्सिल टेकवायची, श्वास आत धरायचा आणि एका श्वासात एक रेष. मी पहिलीत असताना त्या अशाच मागे उभ्या राहत. त्यांच्या पांढऱ्या झग्याला खळीचा आणि साबणाचा वास यायचा. वडील पिंपरीच्या कारखान्यात होते. सायकलच्या दांडीवर बसवून मला कॉन्व्हेंटच्या फाटकाशी सोडायचे आणि मी आत जाईपर्यंत टोपी काढून उभे राहायचे. आजही पट्टीशिवाय सरळ रेष काढताना मला तो साबणाचा वास येतो.

मैत्री माझ्या मांडीला टेकून खडूचा डबा सांभाळत होती. सहा वर्षांची नात, पण वर्गात मला 'टीचर' म्हणते. हे गेले, चिंचवडची कॉलनी सुटली, त्यानंतर रविवारचा हा तासच माझा स्वतःचा म्हणावा असा उरला आहे.

बुधवारी भाग्यश्रीच्या आई येणार, लातूरहून. "थोडे दिवस राहील माय," असं सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, राहू देत की.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विहीणबाई आल्या. भिमाबाई. मोठ्ठं हसणं, मोठ्ठं कुंकवाविना कपाळ, आणि पिशवीत शेंगदाण्याची चटणी. लातुरात त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवले. आता दुकान बंद केलं म्हणाल्या. "डोळे गेले ताई, सुईत दोरा जायना." डोळे गेले म्हणतात आणि गॅलरीतून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचून दाखवतात.

चहा दिला तर म्हणाल्या, "अर्धाच द्या." अर्धा कप दिला. तो त्यांनी लगेच घेतला नाही. मी पाठ वळवल्यावर प्यायल्या. आमच्या घरचा चहा आवडला नसावा.

मैत्रीच्या युनिफॉर्मचं बटण तुटलं होतं. मी म्हटलं, आता काय, घरात शिंपीणच आहे. तर म्हणाल्या, "तुमीच लावा विहीणबाई, तुमचा हात सुरेख." पाहुणी म्हणून आल्या आहेत, काम कशाला करतील. मीच लावलं.

मैत्री माझ्याजवळ झोपते, दोन वर्षांची होती तेव्हापासून. आज उशी उचलून नानीकडे गेली. जाताना म्हणाली, "आजी, तू घोरत नाहीस. नानी घोरते. मला ऐकायचंय."

९ फेब्रुवारी, रविवार

हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भिमाबाई वर्गाला आल्या. "मी बी बसते लेकरांत," म्हणून सतरंजीवर मांडी घातली. आजचा पाठ आडव्या रेषेचा. सगळ्यांनी श्वास धरला, त्यांनीही धरला. त्यांची रेष मी पाहिली. वर खाली, वर खाली, जशी काही एसटीत बसून काढली आहे. बंटी म्हणाला, "नानी, तुमची रेष हलायली."

कुणीही खजील झालं असतं. या म्हणाल्या, "हलत न्हाई बाबा. कुडकुडायलीय. थंडी वाजायलीय तिला. काही पांघराय घाला की."

झालं. एकानं तिला चादर काढली. मैत्रीनं स्वेटर काढला, त्यावर उभ्या रेषा, मग तिरक्या, मग ठिपके, पुन्हा उभ्या, पुन्हा तिरक्या. जी नक्षी मी तीन रविवार शिकवत होते आणि कुणाला जमत नव्हती ती पोरीनं दहा मिनिटांत काढली, आणि माझ्याकडे न बघता काढली. मग सगळ्यांना कुडकुडणारी रेष हवी. "नानी, मला! नानी, माझ्या कागदावर!" त्या एकेकाच्या कागदावर रेष काढून देत होत्या, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, मोठं नाटक करत.

आणि खडूचा डबा? तो नानीच्या मांडीवर.

त्यांना चित्र काढता येत नाही. साधी रेष येत नाही. हे मी रागानं लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. पस्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. माझ्यासाठी कुणी कागद पुढे करून असं ओरडलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

थोडे दिवस म्हणजे किती, हे सूनबाईला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्याऐवजी विचारलं, तुझ्या आईला लातूरचं हवापाणी बरं ना? ती म्हणाली, "तिला इथंच बरं वाटतंय आई. तुमचं फार कौतुक सांगते ती."

कौतुक सांगतात! मला सांगितलं असतं तर बरं.

२ मार्च, रविवार

वर्गात आता जागा पुरत नाही. नऊ होती, आज मोजायचंच सोडलं. दोन आया "ते नानीचं स्वेटरवालं" विचारत आल्या. विहार समितीचे अर्जुनराव दारात उभे राहून हसत होते. म्हणाले, "मॅडम, जयंतीच्या आदल्या दिवशी या पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन लावू या. एक भिंत तुमची, एक नानींची."

मी हा वर्ग मागच्या दिवाळीनंतर सुरू केला, सतरंजीसुद्धा माझी. आणि भिंती दोन.

मी हसून बरं म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हे फार चांगलं शिकवलं होतं, हसून बरं म्हणणं.

९ मार्च, रविवार

आज जे केलं ते सिस्टर अगाथांना आवडलं नसतं. अर्जुनराव आणि समितीची चार माणसं आली होती. प्रदर्शनाच्या पाटीभोवती किनार हवी होती. मी मोठ्यानं म्हटलं, "विहीणबाईंना काढू द्या. मुलांच्या त्या लाडक्या आहेत." आणि ब्रश त्यांच्यापुढे धरला.

मला माहीत होतं की त्यांना जमणार नाही. चारचौघांत एकदा दिसू दे, एवढंच मनात होतं.

त्यांनी ब्रशकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पदराखाली होते, ते बाहेर काढलेच नाहीत. "किनार तुमचीच शोभंल ताई. माझी किनार बघून पाटीच पळून जाईल." सगळे हसले. किनार मी काढली, एका श्वासात एक रेष. अर्जुनराव म्हणाले, "छापल्यासारखी आहे."

घरी येताना भिमाबाई वाटेतल्या टपऱ्यांवरच्या पाट्या वाचतात. आज वाचल्या नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जेवण गेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

संघर्षच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे तो घरी होता. मैत्रीनं शाळेतलं चित्र दाखवलं, 'माझे घर'. नानीचा नुसता गुंताच, लाल, हिरवा, जांभळा, त्यातून दात बाहेर आलेले. माझी एक उभी काळी रेष आणि तिला चष्मा.

"मी अशी आहे होय गं?"

"तू सरळ आहेस ना," ती म्हणाली. तिनं ते कौतुकानं म्हटलं. संघर्ष पोट धरून हसला. "आई, बरोबर ओळखलंय तुला!"

मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले. लहानपणी हा संघर्ष माझा पदर धरल्याशिवाय दारापर्यंतही जात नसे.

३० मार्च, रविवार

भिमाबाईंनी आज डाळीचं भांडं पाडलं. ओट्यापासून दारापर्यंत डाळ. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "घ्या, नक्षी काढली!" मैत्री टाळ्या वाजवत खाली बसली आणि डाळीत बोटानं रेघा ओढू लागली. फरशी मी पुसली. घरात मी फरशी पुसायला आणि त्या हसवायला.

१२ एप्रिल, शनिवार

दिवसभर भिंत लावली. माझ्या मुलांच्या नक्षीच्या चौकटी, प्रत्येक चौकट वीतभर, अंतर सारखं. सरळ, तिरकी, नागमोडी, तुटक, आणि पुन्हा सरळ. मागे उभं राहून पाहिलं तर शाळेच्या दिवसांची आठवण झाली, घोटीव फरशी आणि सगळ्यांचे मोजे एका उंचीला. समोरच्या भिंतीवर त्यांचे स्वेटर. कुठे टाचणी, कुठे चिकटपट्टी, एक तर उलटा लागला आहे.

माझ्या चौकटींचा रंग अजून ओला होता. पोरं हात लावतील म्हणून संघर्षला जमिनीवर लावायला चिकटपट्टी आणायला सांगितली होती. चाकणच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यानं चांगली रुंद, पिवळी आणली. "ही एकदम पक्की आई. हिच्यापुढे कुणी येणारच नाही बघ."

भिंतीपासून दोन हातांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मी ती गुडघे टेकून लावली. एकही सुरकुती नाही. त्यांच्या भिंतीपुढे पट्टी लावली नाही. तिथं जपण्यासारखं होतं काय?

१३ एप्रिल, रविवार

पहिली शिफ्ट सुटल्यावर बापमंडळी थेट आली, अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी बूट. बंटीचे वडील सयाजी सगळ्यांत पुढे. आत शिरले, माझ्या भिंतीकडे वळले आणि पिवळ्या पट्टीशी थांबले. बुटांची टोकं बरोबर पट्टीच्या अलीकडे, हात मागे बांधलेले.

त्यांच्या शेजारी दुसरा थांबला, मग तिसरा. सगळे एका ओळीत उभे. माना लांब करून बघत होते, पण वीतभर चौकटीतलं तेवढ्या अंतरावरून काय दिसणार? बंटी ओढत होता. "पप्पा, ते माझं हाय! जवळ चला ना!"

"थांब. पिवळी हाय, दिसत न्हाई का?"

"अहो, या ना पुढे," मी म्हटलं.

"नको मॅडम, इथूनच बरंय. लई भारी आहे," सयाजी म्हणाले. आणि थोडा वेळ मान राखून उभे राहिल्यावर ते सगळेच मागे वळले आणि समोरच्या भिंतीशी गेले.

तिथं काय चाललं होतं! कुणी स्वेटरची बटणं मोजतंय, कुणी उलटा लागलेला स्वेटर मान वाकडी करून बघतंय, कुणाच्या बोटाला जांभळा रंग. "भावा, हा तुझ्या पोरानं काढलाय? तुला तर रुमाल घडी करता येत न्हाई!" बायकाही तिकडेच. माझ्या भिंतीपाशी मी होते आणि वर पंखा. माझी आखीव, सुरेख, मी गुडघे टेकून लावलेली पट्टी, आणि तिच्यामुळे कुणी येत नव्हतं. मला रडू येत होतं, आणि सगळ्यांत जास्त राग समोरच्या हसण्याचा येत होता.

तेवढ्यात तेच हसणं माझ्याकडे आलं. "विहीणबाई, तुमच्या भिंतीला कर्फ्यू लावलाव काय?"

भिमाबाई खाली बसल्या आणि पट्टीचं टोक नखानं उचकटू लागल्या. टोक सुटेना. नख पट्टीवर टकटक टकटक आपटत होतं. मला वाटलं, हिचं इथंही नाटक. मग त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, वर्गात धरतात तसं, आणि तरी बोटं हलत राहिली, वर खाली, वर खाली. मी चेहरा पाहिला. चेहरा हसत नव्हता.

मी खाली बसले.

"सुटंना झालंय ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "धरा की."

मी त्यांचा हात धरला. तो थांबला नाही. थरथर माझ्याही हातात आली, कोपरापर्यंत. दोघींनी मिळून टोक काढलं आणि पट्टी ओढली. एवढी पक्की पट्टी, फर्रकन सुटली. सयाजींनी पलीकडून विचारलं, "लाइन काढली का मॅडम? येऊ का आता?"

आले सगळे. चौकटींना हात लावले, दोन पुसट झाल्या. मी कुणाला अडवलं नाही. अर्धा कप चहा, बटण, पदराखालचे हात, डाळ. माझ्यासमोर होतं सगळं. आणि तो ब्रश मी स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढे धरला होता.

१७ एप्रिल, गुरुवार

आज भाग्यश्री बाजारात गेल्यावर विचारलं. स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो, म्हणजे सोलत मी होते.

"दीड वरीस झालं," भिमाबाई म्हणाल्या. "आदी दोरा जाईना, मग काजं वाकडी व्हायली. गिऱ्हाईक काय म्हणत न्हाई, पर पुन्हा येत न्हाई. दुकान बंद केलं."

"भाग्यश्रीला का नाही सांगितलं?"

"थरथरत्या हातात लेकरू कोण देतंय ताई? म्हातारपणी नातीला उचलू द्यायचे न्हाईत. मग म्हटलं, हसून न्यावं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी त्या दिशी ब्रश धरला तवा वाटलं, यांना कळलंय."

"नाही कळलं," मी म्हटलं. "मला दुसरंच काहीतरी दिसत होतं."

"ते मला दिसत हुतं," त्या म्हणाल्या आणि एक लसणाची पाकळी उगाचच कुस्करत राहिल्या.

भाग्यश्री आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं. सूनबाई आधी रागावली, मग आईच्या मांडीत डोकं घालून रडली. मला हेवा वाटला, हे इथं लिहून ठेवते. मांडीत डोकं घालून रडावं असं माझ्याजवळ कुणाला वाटत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

भिमाबाईंना घेऊन मी आणि भाग्यश्री डॉक्टरांकडे गेलो. जिवाला धोका नाही. गोळ्यांनी पुष्कळ कमी होईल, पुरतं जाणार नाही. भिमाबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "मशीन चालवू शकंन का?" ते म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर त्यांनी चिंचवडपासून घरापर्यंत साऱ्या पाट्या वाचल्या.

११ मे, रविवार

भिमाबाई मंगळवारी लातूरला निघणार. मशीनला तेल घालायचं आहे म्हणतात. काल त्यांनी मैत्रीच्या फ्रॉकला बटण लावलं. वेळ लागला, पण लावलं. आम्ही सगळे काही काम असल्याचं दाखवत आजूबाजूलाच होतो.

आज वर्गात मुलांनी कागद पुढे केले. "नानी, कुडकुडणारी!" त्यांनी रेष काढली. रेष जवळजवळ सरळ आली. मुलं बघतच राहिली. बंटी म्हणाला, "ही थंड न्हाई. नानी, तुमची बिघडली."

"आता माझी बरी झाली बाबा. टीचरला सांग."

सगळे कागद माझ्याकडे वळले. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, माझ्या नावानं ओरडणारी पोरं. मी पेन्सिल टेकवली, श्वास धरला नाही, मुद्दाम हात हलवला. मुलांनी वाकून पाहिलं.

"ही नाचायली," बंटी म्हणाला.

पुन्हा काढली. मैत्रीनं मान हलवली. "खोटी आहे आजी." वर्गात ती पहिल्यांदा मला आजी म्हणाली. शेवटी हात दमला आणि मला येते तशीच निघाली, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मैत्रीनं ती निरखली. "हिला तर थंडीच वाजत नाही."

भिमाबाई सतरंजीवरून सरकत पुढे आल्या, चष्मा वर केला आणि रेषेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वाजती," त्या म्हणाल्या. "बाहेरून दिसू देत न्हाई, एवढंच. घाल बाई हिला बी स्वेटर."

मैत्री माझ्या मांडीला टेकली. खडूचा डबा उघडून बराच वेळ शोधलं आणि पिवळा काढला. एक बाही, दुसरी बाही, गळा. मग बटणं. शेवटचं बटण कागदाबाहेर सतरंजीवर गेलं. मी ते तसंच राहू दिलं.